मिरूसाठी मास्तर

दुपारचे अडीच वाजलेत. उपासनेहून आल्यावर मटण-भात झाला, भांडी झाली, आणि आता पुढच्या खोलीत फरशीवर सतरंजी टाकून मी मिरूशेजारी आडवी झाले आहे. आतल्या पलंगावर सुबोध घोरतोय. माझ्या नवऱ्याला रविवारी दुपारी भूकंपही उठवू शकत नाही. पाच वाजता मिरूला रिबकाताईकडे न्यायचं आहे, आणि न्यायचं की नाही हे माझं अजून ठरत नाही.

मिरू सहा वर्षांची आहे. गेल्या नाताळात चर्चमध्ये कुणीतरी व्हायोलिन वाजवलं, तेव्हा ही वाजवणाऱ्याच्या पायाशी जाऊन बसली ती केक वाटायला लागले तरी उठेना. घरी येताना म्हणाली, "आई, मला ते शिकायचंय." दुसरी आई हरखली असती. माझ्या तोंडाला कडू चव आली. पण नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून पुण्याला जाऊन व्हायोलिन आणलं आणि शिक्षक शोधायला लागले.

तीन महिने शोधतेय. सावेडीत मिठाईच्या दुकानावर एक क्लास आहे. तिथले सर व्हायोलिनच्या मानेवर रंगीत टिकल्या चिकटवतात, लाल टिकलीवर पहिलं बोट, पिवळीवर दुसरं. सहा मुलं एकदम वाजवतात आणि सर मोबाइल बघतात. महिन्याभरानं मिरूनं मला विचारलं, "आई, लाल म्हणजे रे का?" मी तिला काढून घेतलं. मग फोनवर शिकवणाऱ्या एक मॅडम झाल्या. मिरूनं काहीही वाजवलं तरी त्यांचं "व्हेरी नाइस बेटा" ठरलेलं. चौथ्या दिवशी मिरूनं मुद्दाम मांजर ओरडल्यासारखं वाजवून दाखवलं. तेही व्हेरी नाइस निघालं. तिसरे एक गृहस्थ म्हणाले, दहा वर्षांची झाल्यावर आणा. तोवर वाया जायला नको म्हणून रोज संध्याकाळी वीस मिनिटं मीच तिला घेऊन बसते. मला जेवढं येतं तेवढं.

आणि ज्याला विचारावं तो एकच नाव सांगतो: लहान मूल असेल तर रिबकाताई पाटोळे. मिशन कंपाउंडमधली तीच खोली. म्हणजे शमुवेल मास्तरांची खोली, कारण रिबकाताई त्यांची मुलगी.

शमुवेल मास्तरांकडे मी तीन वर्षं शिकले. सहाव्या वर्षापासून नवव्यापर्यंत. मिशनच्या शाळेत कुणीतरी देणगी दिलेली सहा व्हायोलिनं होती, सगळी मोठ्या माणसांच्या मापाची, आणि नगरच्या निम्म्या ख्रिस्ती पोरांची बोटं त्यांच्यावरच घासली. नाताळाच्या आधी आठ दिवस तालीम चालू असताना मास्तर बाहेर आले आणि चर्चच्या अंगणात, सगळ्या बायकांसमोर, माझ्या आईला म्हणाले, "सुवार्ताच्या कानात सूर नाही. तिला शिवणकाम शिकवा." आईनं दुसऱ्याच आठवड्यात मला शिवणाच्या क्लासला घातलं. मी आज नगरमधली बरी टेलर आहे. पण तेव्हापासून तीस वर्षं मी उपासनेत गात नाही. गीतं सगळी पाठ आहेत. मी फक्त ओठ हलवते, आणि शेजारी बसणाऱ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही.

मास्तर वारले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्या मातीला मी गेले नाही. पांढऱ्या साडीला इस्त्री नाही असं सांगितलं होतं.

मिरूचा श्वास संथ झालाय. तिचा हात माझ्या हाताशी आलाय, तळवा घामेजलेला. पंख्याचं एक पातं मधूनच कुरकुरतं. मी मोजते, दर चौथ्या फेरीला. मग पाचव्या. मग कितव्या ते कळत नाही, आणि मी पुण्याच्या दुकानात उभी आहे.

जानेवारीत आम्ही खरंच गेलो होतो, तेच दुकान. भिंतीवर व्हायोलिनं टांगली आहेत, मोठ्यापासून लहानापर्यंत, एका घरातली भावंडं फोटोला उभी केल्यासारखी. दुकानदार पाठमोरा आहे. तो मिरूला डावा हात लांब करायला सांगतो आणि मानेपासून तळव्यापर्यंत टेप लावतो. मापं घेणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे मी आधी टेपच बघते. मग टेप धरलेला हात बघते. अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. तो हात मी कुठेही ओळखेन.

"वन बाय फोर," शमुवेल मास्तर म्हणतात. "हिला सगळ्यात शेवटून तिसरं."

पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अकरा वर्षं मातीत राहून माणूस जरा तरी मळायला हवा होता.

"मास्तर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"काय?"

"लहान मुलांसाठी लहान व्हायोलिन असतं ते."

ते टेप गुंडाळतात. "दुकान पुण्यात आहे. मी नगरला होतो."

"तुम्ही दर मे महिन्यात पुण्याला जायचात. बहिणीकडे."

ते टेप गुंडाळत राहतात. टेप संपत नाही.

त्या दिवशी खऱ्या दुकानदाराला मी सहज विचारलं होतं, नऊ वर्षांच्या मुलीला कुठलं लागतं. तो म्हणाला, अर्धं. मोठं दिलं तर बोट पोचत नाही हो ताई, सूर खालीच लागणार. चहात साखर किती विचारावं तशा आवाजात म्हणाला. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. सुबोधला वाटलं, मला ऊन लागलं. जानेवारीत. मी त्याला काही सांगितलं नाही, कारण सांगायला सुरुवात केली असती तर मी त्या दुकानात रडले असते, आणि मला मास्तरांसाठी रडायचं नव्हतं.

टेप गुंडाळून होते तेव्हा आम्ही सावेडीच्या क्लासमध्ये आहोत. मिठाईचा वास तसाच आहे. मुलांच्या बुटक्या प्लास्टिक खुर्चीवर मास्तर गुडघे वर करून बसलेत आणि मिरूच्या व्हायोलिनवरच्या टिकल्या नखानं खरवडून काढताहेत. निघालेली प्रत्येक टिकली ते स्वतःच्या शर्टावर लावतात. छातीवर लाल, पिवळी, हिरवी.

"हे कुणी केलं?"

"इथल्या सरांनी."

"मग मूल डोळ्यानं वाजवणार. कान काय करायचा, वाळत घालायचा?"

मी सरांना शब्दन् शब्द हेच म्हणाले होते. ह्या माणसाशी माझं एका तरी गोष्टीवर एकमत आहे, हे मला झोपेतसुद्धा सहन होत नाही.

"तुमची पद्धत काय होती मग?" मी विचारते. "सांगा ना. मला शिक्षक शोधायचाय. प्रत्येकाला विचारते तसं तुम्हालाही विचारते."

"आधी गायचं. गळ्यातून निघालं की मग तारेवर शोधायचं."

"आणि बोट चुकलं तर?"

"मनगट धरायचं. बोट जागेवर जाईपर्यंत."

"आणि गेलंच नाही तर?"

"तर आणखी घट्ट."

ते हे अभिमानानं म्हणत नाहीत आणि लाजूनही म्हणत नाहीत. भात किती शिट्ट्यांत होतो ते सांगावं तसं सांगतात. मला त्यांच्या शर्टावरच्या टिकल्या ओरबाडून काढाव्याशा वाटतात. हात पुढे करते तर समोर पिठाच्या डब्याला टेकवलेला माझा फोन आहे, आणि मास्तर त्याच्या आत आहेत, चौकोनात, हनुवटीच्या खाली कापलेले. तोंड हलतं. आवाज फोनवर शिकवणाऱ्या मॅडमचा.

"व्हेरी नाइस बेटा."

"मास्तर, तुम्ही कधी मला चांगलं म्हणाला होतात?"

"व्हेरी नाइस."

"एकदा तरी?"

चित्र अडकतं. तोंड अर्धवट उघडं राहतं. मी डबा हलवते, फोन उपडा पडतो, आणि मी खाली वाकून उचलायला जाते तेव्हा हाताला शहाबादी फरशी लागते. गार, आणि एका कोपऱ्यात तुटलेली. मिशन कंपाउंडमधली खोली. दारामागे छत्री, खिडकीत रॉकेलची बाटली, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. मी मांडी घालून बसले आहे आणि माझे पाय फारच लहान आहेत.

माझ्या मांडीवर व्हायोलिन आहे. आपल्याकडे बसून वाजवतात, व्हायोलिनचं एक टोक खांद्याशी आणि दुसरं उजव्या पायाच्या घोट्यावर. माझ्या घोट्याच्या पुढेही ते हातभर उरलंय. मास्तर उठतात, चुलीजवळचा लाकडी पाट आणतात आणि त्या उरलेल्या टोकाखाली सरकवतात.

"हं. आता मध्यम."

मी तिसरं बोट ताणते. करंगळीच्या बाजूची शीर मनगटापर्यंत दुखते. बोट तारेवर पडतं ते जिथे पडायला हवं त्याच्या अलीकडे. पोचतच नाही तिथवर. मध्यम खाली लागतो. तीन वर्षं रोज खाली लागला.

"पुन्हा."

"मास्तर, हा पाट."

"त्याचं काय?"

"व्हायोलिन मला मोठं होतं म्हणून तुम्ही पाट लावलात. म्हणजे तुम्हाला दिसत होतं."

ते पाटाकडे बघतात, जसा काही तो दुसऱ्या कुणी आणून ठेवलाय.

"पाट सगळ्यांनाच लावायचो," ते म्हणतात.

"रिबकाताईलाही?"

"तिला विटा. ती पाच वर्षांची होती."

"आणि मनगट?"

"माझीच मुलगी. तिचं तर आधी धरायचो."

"रडायची?"

"सुरुवातीला. मग नाही. ती वाजवते चांगलं."

"तिचे हात मोठे आहेत मास्तर. आईवर गेलेत. तुमच्या पद्धतीत त्याचं काही श्रेय नाही."

माझा आवाज सहा वर्षांच्या पोरीचा निघतो आणि शब्द एकोणचाळीस वर्षांच्या बाईचे. मास्तरांना त्याचं काही वाटत नाही. मेलेल्या माणसांना बहुतेक कशाचंच काही वाटत नसावं, आणि म्हणून आपण त्यांच्याशी भांडून दमतो.

"मग माझ्या आईला तसं का सांगितलंत?" मी विचारते. "हात लहान आहे म्हणायचं होतं. व्हायोलिन मोठं आहे म्हणायचं होतं. कानात सूर नाही का म्हणालात?"

"नाताळ आठ दिवसांवर आला होता."

"म्हणून?"

"पाच जणी वाजवत होत्या. एक काढली की चौघी सुरात येत होत्या."

"एवढंच?"

"एवढंच. बायकांना लवकर पटेल असं काहीतरी सांगायला लागतं. हात लहान म्हटलं असतं तर तुझी आई म्हणाली असती, वाढेल की. मग वाद घालत बसायचा." ते चष्मा काढून शर्टाला पुसतात. "तू तेवढं एक वाक्य धरून बसशील असं काही मला वाटलं नव्हतं."

मला कळतंय, हे सगळं मीच रचते आहे. स्वप्नातला माणूस आपल्या पदरचं काही आणत नाही. मास्तरांना मी जिवंतपणी कधी विचारलं नाही, आता विचारता येणार नाही, आणि खरं उत्तर त्यांच्याबरोबर मातीत गेलं. पण तीस वर्षांत मला मिळालेलं हे पहिलंच उत्तर आहे. एक काढली की चौघी सुरात. मी शिवणयंत्रावर वाकून वाकून मान घालवली, मुलीला अंगाई म्हटली नाही, तिला फोनवर गाणी लावून झोपवलं. नाताळ आठ दिवसांवर आला होता म्हणून.

"मला तुमचा राग आहे," मी म्हणते.

"हो," ते म्हणतात. "पण पाच वाजता मिरूला आणणारेस ना?"

"ते अजून ठरलं नाही."

"तुला ती शिकायला हवीय, का मी चूक होतो हे नगरला कळायला हवंय?"

मला दोन्ही हवंय. मी तसं म्हणायला तोंड उघडते आणि आवाज फुटत नाही, कारण आता आम्ही चर्चमध्ये आहोत आणि उपासना चालू आहे.

सगळे बाक भरलेत. सगळ्यांचे ओठ हलताहेत. शेवटच्या बाकापर्यंत एकाच्याही तोंडून आवाज येत नाही. माझी आई आहे, मॅडम आहेत, सावेडीचे सर आहेत, सुबोध आहे, सगळे माझ्यासारखे नुसते ओठ हलवताहेत. पुढे वेदीच्या पायरीवर मिरू मांडी घालून बसली आहे. तिचं छोटं व्हायोलिन तिच्या घोट्यावर नेमकं मावलंय, पाटबिट काही नको. तिच्या समोर मास्तर.

"मध्यम," ते तिला म्हणतात.

मिरू गज उचलते. तार थरथरताना मला दिसते. मी बाकांमधून पुढे जाते, लोकांचे गुडघे ओलांडत, अगदी तिच्याजवळ.

"लागला का?" मी मास्तरांना विचारते.

"तूच सांग. तुझी मुलगी."

मी वाकते. कान व्हायोलिनला लावते. लाकूड गालाला गार लागतं. आतून काही येत नाही. मिरू वाजवतेय, एकदा, दोनदा, दहा वेळा, माझ्याकडे बघतेय, आई सांग ना. आणि मला काही ऐकू येत नाही.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणते.

"मी तेच सांगितलं होतं," शमुवेल मास्तर शांतपणे म्हणतात.

ते खरं असेल, ह्याची भीती मला तीस वर्षं वाटत आली आहे. व्हायोलिन मोठं होतं, तेही खरं, आणि कान नव्हता, तेही खरं. मग मी रोज संध्याकाळी हिला कशाच्या जोरावर सांगते, वर घे, खाली घे, चुकलं, पुन्हा?

मिरूचं बोट तारेवरून घसरतं. मास्तर पुढे वाकतात आणि चिरलेल्या नखाचा तो हात तिच्या मनगटावर पडतो. बोटं वळतात. मिरू ओरडत नाही. ती खालचा ओठ आत घेते.

"सोडा तिला."

मास्तर माझ्याकडे बघतात.

"मास्तर, सोडा. सहा वर्षांची आहे ती." मी झेपावून तो हात पकडते, सगळ्या ताकदीनं. तो बारीक आहे. कोंबडीच्या हाडासारखा, आणि गरम. म्हाताऱ्या माणसाचा हात असा गरम असतो का, असं माझ्या मनात येतं, पण मी सोडत नाही. अकरा वर्षं मेलेला माणूस, ह्याला मी आज सोडणार नाही. "सोडा म्हणते ना."

"मी कुठे धरलंय?" मास्तर म्हणतात.

ते दोन्ही हात वर करून दाखवतात. दोन्ही रिकामे आहेत.

पंखा कुरकुरतो. पडद्याच्या कडेचं ऊन सरकून सतरंजीवर आलंय. मी कुशीवर वळलेली आहे, आणि माझ्या मुठीत मिरूचं डावं मनगट आहे.

मिरू जागी आहे. छताकडे बघत उताणी पडली आहे. किती वेळ जागी आहे कोण जाणे. हात ओढून घेत नाही, हलतही नाही, खालचा ओठ आत घेतलाय.

मी मूठ उघडते. बोटं आखडली आहेत, एकेक करून सोडवावी लागतात.

"आई, मी बोट हलवलं नव्हतं," ती म्हणते.

मला आधी कळतच नाही ती काय म्हणतेय. मग कळतं.

"झोपेत धरलं गं मी. स्वप्न पडलं होतं." तिचा हात उजेडात घेते. वरच्या बाजूला माझी चार बोटं उमटली आहेत, आत अंगठा. लाल, कडेला पांढरट. "खूप दुखलं?"

मिरू मनगट वळवून नीट बघते. विचार करते. ती खोटं बोलणारी मुलगी नाही.

"रोजच्याएवढंच," ती म्हणते.

आतल्या खोलीत सुबोध कूस बदलतो. घड्याळात सव्वाचार झालेत. मी उठून खोबरेल आणते आणि तिच्या मनगटाला चोळते, आणि ती मला ते करू देते. चोळल्यानं वळ जात नाहीत. आणखी लाल दिसायला लागतात.

"आपण जायचं का त्या ताईंकडे?" ती विचारते.

"हो."

"तू बसणार माझ्याजवळ?"

"नाही," मी म्हणते. "मी बाहेर बसेन."

ती मान डोलावते. तिला बरं वाटल्याचं माझ्यापासून लपवता येत नाही, अजून शिकायची आहे ती. मी कपाट उघडते. पूर्ण बाह्यांचा निळा फ्रॉक हाताला येतो, मीच शिवलेला, मनगटावर बटण आहे त्याला. मार्चच्या उन्हात कुणी मुलीला असा फ्रॉक घालत नाही. तरी मी तो काढते, झटकते, आणि मग परत ठेवते.

पाच वाजता रिबकाताई मिरूचा डावा हात हातात घेईल, बोटं तारेवर कशी ठेवायची ते दाखवायला. तेव्हा तिला दिसेल. ती मला काही विचारणार नाही. त्या घरात वाढलेल्या मुलीला हे काय आहे ते विचारावं लागत नाही. मी बिनबाह्यांचा पांढरा फ्रॉक काढते आणि मिरूला म्हणते, हात वर कर.